उपरा उमेदवार आणि मतदार यादीतली ओळ

निवडणूक जाहीर होऊन तिकिटं वाटली गेली की आठवडाभरात एखाद्या तरी मतदारसंघात ‘बाहेरचं पार्सल परत पाठवा’ असे फलक लागतात. ज्याचं तिकीट कापलं गेलं त्याचे कार्यकर्ते रस्त्यावर उतरतात. ज्याला मिळालं तो आजोळ, सासुरवाडी, गेला बाजार कुलदैवत तरी त्या तालुक्यात शोधून काढतो. मग छाननीच्या दिवशी कुणीतरी वकिलासह निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर उभा राहतो आणि लेखी हरकत देतो की उमेदवार इथे राहतच नाही, सबब अर्ज बाद करावा. हरकत दहा मिनिटांत फेटाळली जाते. बाहेर आल्यावर ‘अधिकारी मॅनेज झाला’ असं सांगितलं जातं आणि पुष्कळांना ते पटतंही.

अधिकाऱ्याने बहुतेक वेळा कायद्याप्रमाणेच केलेलं असतं. हरकत चुकीच्या टेबलावर आणि चुकीच्या दिवशी नेलेली असते. यावर उपाय म्हणून ‘उमेदवार मतदारसंघात अमुक वर्षं राहिलेला असावा’ अशी अट कायद्यातच घाला, ही मागणी अधूनमधून होते. ती मान्य करू नये असं माझं मत आहे. निवासाची एक अट कायद्यात आधीपासून आहे. ती मतदार यादीत आहे आणि तिथेच ती पाळली जात नाही. ती नीट पाळली जावी आणि उमेदवार गेली काही वर्षं कुठे राहिला हे मतदाराला मतदानाआधी वाचायला मिळावं. ‘उपरा’ या आरोपाचा निकाल मग मतदाराने लावावा.

आधी कायदा काय मागतो ते पाहू, कारण यावर बोलणाऱ्या बऱ्याच जणांनी तो वाचलेला नसतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ४ नुसार लोकसभेच्या उमेदवाराचं नाव देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत असलं की पुरे. गडचिरोलीचा मतदार केरळात उभा राहू शकतो. सिक्कीम आणि लक्षद्वीपसारखे मोजके अपवाद आहेत, तिथे उमेदवार त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. विधानसभेसाठी कलम ५ आहे. त्यात उमेदवार त्या राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार असावा लागतो, म्हणजे कोल्हापूरचा माणूस नंदुरबारला चालतो, बेळगावचा चालत नाही. विधान परिषदेसाठीही राज्यातला मतदार असणं आवश्यक आहे. राज्यपालनियुक्त सदस्याबाबत मात्र कायदा वेगळी भाषा वापरतो: तो राज्याचा सर्वसाधारण रहिवासी असला पाहिजे. वयाची अट लोकसभा-विधानसभेला २५, राज्यसभा आणि विधान परिषदेला ३०. डोमिसाईल सर्टिफिकेट यांपैकी कशालाही लागत नाही. ते नोकरी आणि शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचं कागदपत्र आहे, उमेदवारीचं नाही.

थोडक्यात, राहण्याचा प्रश्न कायद्याने मतदार यादीकडे सोपवला आहे. यादीत ओळ असली की पात्रता आली. आणि ती ओळ छाननीत किती पक्की मानायची हेही कायद्याने ठरवून दिलं आहे. कलम ३६(७) म्हणतं की यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत हा ती व्यक्ती मतदार असल्याचा निर्णायक पुरावा मानावा. अपवाद एकच: मतदार याद्यांविषयीच्या लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मधल्या कलम १६ ची अपात्रता सिद्ध झाली तर. कलम १६ मध्ये तीन गोष्टी येतात. भारताचा नागरिक नसणं, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवणं आणि भ्रष्ट आचरण किंवा निवडणूक गुन्ह्यामुळे मतदानाला अपात्र होणं. नागरिकत्वावर छाननीत वाद घालता येतो. निवासावर येत नाही, कारण निवास कलम १६ मध्ये नाहीच, तो कलम १९ मध्ये आहे.

‘मग निकालानंतर कोर्टात जाऊ’ असं म्हणणाऱ्यांसाठी तो रस्ताही १९७३ मध्येच बंद झाला. गुजरातमधल्या राज्यसभा निवडणुकीवरच्या ‘हरिप्रसाद मुळशंकर त्रिवेदी विरुद्ध व्ही. बी. राजू’ या प्रकरणात मुद्दा नेमका हाच होता की उमेदवार गुजरातचे सर्वसाधारण रहिवासी नव्हते, सबब यादीतलं नाव बेकायदा आणि म्हणून उमेदवारीही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की निवासाच्या कारणावरून यादीतली नोंद चूक होती का, हे निवडणूक याचिकेत तपासता येणार नाही. तो अधिकार मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा. निवाड्याला पन्नास वर्षं उलटून गेली तरी छाननीत तीच हरकत पुन्हा पुन्हा दिली जाते आणि वकिलाची फी वाया जाते.

बाहेरून आलेल्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद होऊ शकतो, पण वेगळ्याच कारणांनी. इथे पक्षाचे कार्यालयप्रमुखही फसतात. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर कलम ३३(५) नुसार त्या यादीची किंवा संबंधित भागाची प्रत, नाहीतर नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा उशिरात उशिरा छाननीच्या वेळी द्यावी लागते. मोबाइलवरून काढलेली मतदार चिठ्ठी किंवा ओळखपत्राची झेरॉक्स म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. पुन्हा, यादीचं पुनरीक्षण झालं की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बदलतात. जुन्या यादीतला क्रमांक अर्जात आणि नव्या यादीतली प्रत सोबत, अशी विसंगती निघाली की समोरचा वकील उठून उभा राहतो. कायद्यात कारकुनी चूक माफ आहे, पण ती कारकुनी आहे हे त्या वेळी पटवून द्यावं लागतं.

सूचकाचं, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदाराचं, तर विचारूच नका. उमेदवार कुठलाही चालतो, सूचक मात्र त्याच मतदारसंघाचा मतदार लागतो. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक, अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाला दहा. नवख्या मतदारसंघात घाईने दहा सह्या गोळा करताना एखादा रस्त्यापलीकडचा निघतो, ज्याचं घर शेजारी असलं तरी मतदारसंघ दुसरा असतो. दहातला एक बाद म्हणजे नऊच उरले आणि अर्ज गेला. म्हणून जाणकार माणूस वेगवेगळ्या सूचकांचे दोन-तीन संच अर्ज भरतो. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरण्याची मुभा त्यासाठीच वापरायची असते. शपथेचंही तसंच आहे. अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी ती घ्यावी लागते. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ उपयोगाची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितलं आहे.

आता उमेदवार खरंच तिथे राहत नाही अशी ज्याची खात्री आहे त्याने काय करायचं? नाव यादीत चढत असतानाच हरकत घ्यायची. नवं नाव नमुना ६ ने येतं. पत्ता बदलून आलेलं नाव आता नमुना ८ ने येतं. आलेल्या अर्जांची यादी प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. त्याच मतदारसंघातला मतदार नमुना ७ भरून हरकत देऊ शकतो. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे पहिलं अपील आणि त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे दुसरं. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर निवडणूक संपेपर्यंत यादीत नाव घालता येत नाही की काढता येत नाही. म्हणजे लढाईची वेळ आचारसंहितेच्या किती तरी आधी येते. तेव्हा फलक लावणारे बहुतेक जण त्याच नेत्याच्या वाढदिवसाचे फलक लावत असतात.

हरकत देतानाही नुसतं ‘राहत नाही’ म्हणून चालत नाही. १९५० च्या कायद्याचं कलम २० सांगतं की केवळ घर मालकीचं किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. तेच कलम असंही सांगतं की तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास संपत नाही, आणि खासदार-आमदार कामासाठी दिल्ली-मुंबईत राहतात म्हणून त्यांचा मूळचा रहिवास जात नाही. किती दिवस, किती महिने, याचा आकडा कायद्यात कुठेच नाही. नमुना ६ सोबत पत्त्याचा पुरावा म्हणून निदान वर्षभराचं पाणी-वीज-गॅसचं बिल, आधार, पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार वगैरे चालतात. पुढाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार करायला एक दुपार पुरते. खरी तपासणी बीएलओच्या (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या) घरभेटीत व्हायची असते आणि ती कशी होते हे सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की बेघर माणसाने नाव नोंदवायचं म्हटलं तर तो सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का, हे पाहायला बीएलओने रात्री जाऊन यावं अशी आयोगाची सूचना आहे. फूटपाथवरच्या माणसाची रात्रीची तपासणी आणि नेत्याच्या बंद फ्लॅटची दारावरूनच, ही विषमता नियमात नाही, अंमलबजावणीत आहे.

राज्यसभेत हा सगळा देखावा एका मर्यादेनंतर कायद्यालाच झेपेनासा झाला. २००३ पर्यंत राज्यसभेच्या उमेदवाराला त्याच राज्याचा मतदार असावं लागे. मग दिल्लीतले नेते ज्या राज्यात आमदारांची मतं असतील त्या राज्यात पत्ता काढत. डॉ. मनमोहन सिंग १९९१ पासून आसामातून राज्यसभेवर होते. दिसपूर मतदारसंघात त्यांचं नाव होतं आणि पत्ता माजी मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांच्या कुटुंबाच्या घराचा, भाडेकरू म्हणून. २००३ च्या दुरुस्तीने ‘त्या राज्यातील’ हे शब्द काढून ‘भारतातील’ असे घातले. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी त्याला आव्हान दिलं. ऑगस्ट २००६ मध्ये घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली: राज्याचा प्रतिनिधी त्या राज्याचा रहिवासीच असला पाहिजे असं राज्यघटना सांगत नाही. त्यानंतर महाराष्ट्राच्या १९ जागांमधून २०१६ मध्ये पी. चिदंबरम आणि २०२२ मध्ये इम्रान प्रतापगढी गेले. कुणाला खोटा पत्ता काढावा लागला नाही.

माझ्या मते राज्यसभेची मूळ अट काढायला नको होती. ते सभागृह राज्यांचं आहे आणि तिथे मतदार आमदार असतात, सामान्य माणूस नाही. ‘उपरा’ म्हणून नाकारण्याची संधी जनतेला मिळत नाही, म्हणून कायद्याने ती द्यायला हवी होती. पण खोट्या पत्त्यांचा धंदा बंद झाला हेही खरं आहे, आणि ज्यांनी दुरुस्तीला विरोध केला त्यांनी यावर पर्याय सुचवला नाही.

लोकसभा-विधानसभेची गोष्ट वेगळी आहे, तिथे मतदार समोर असतो. निवासाची सक्ती तिथे कुणाला अडवते हे इतिहासात शोधलं तर नावं आपल्याच घरातली निघतात. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून संविधान सभेवर जाण्याची वाट बंद झाल्यावर डॉ. आंबेडकर बंगालमधून निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा गेली आणि मग १९४७ मध्ये ते मुंबईतून आले. प्रांताच्या रहिवाशाचीच अट असती तर संविधान सभेच्या पहिल्या अधिवेशनात ते नसते. पुण्याचे मधु लिमये बिहारमधल्या मुंगेरमधून आणि पुढे बांकामधून लोकसभेवर गेले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिलं, कराडचे आहात असं कुणी म्हटलं नाही. रामटेकने १९८४ आणि १९८९ मध्ये आंध्रच्या पी. व्ही. नरसिंह राव यांना निवडलं. उलट बाजूही आहे: १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने आंबेडकरांना पाडलं. मतदाराला बाहेरचा माणूस नाकारता येतो, त्याला कायद्याची कुबडी लागत नाही.

पक्षांतर्गत लोकशाहीच्या अंगाने कुणी म्हणेल की वीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला डावलून वरून माणूस लादला जातो, त्याचं काय. तक्रार खरी आहे. पण निवासाच्या अटीने ती सुटत नाही. नेत्याचा मुलगा त्याच तालुक्यात जन्मलेला असतो. अट त्याच्या सोयीची, कारण त्याच्या स्पर्धेत येऊ शकणारा बाहेरचा माणूस तेवढा गळतो. घराणी ज्या मतदारसंघांत मुरलेली आहेत तिथे ‘स्थानिकच हवा’ ही घोषणा बहुधा त्या घराण्याच्याच वाड्यातून निघते.

जिथे अशी अट आहे तिथे काय होतं याचा नमुना शिकागोत आहे. महापौरपदासाठी तिथे निवडणुकीआधी एक वर्ष शहरात वास्तव्य लागतं. रॅम इमॅन्युएल वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांचे चीफ ऑफ स्टाफ होते आणि शिकागोचं घर त्यांनी भाड्याने दिलं होतं. २०१० च्या हिवाळ्यात सुनावणी झाली तेव्हा घराच्या तळघरात त्यांनी मागे ठेवलेली खोकी, पत्नीचा लग्नाचा पोशाख हे सगळं ‘परत येण्याचा इरादा होता’ याचा पुरावा म्हणून चर्चिलं गेलं. जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचं नाव मतपत्रिकेवरून काढलं आणि तीनच दिवसांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परत घातलं. शहराच्या तुटीवर आणि शाळांवर व्हायची चर्चा तळघरातल्या खोक्यांवर झाली. आपल्याकडे अशी अट आली तर प्रत्येक मतदारसंघात वीजबिलाचे युनिट मोजले जातील, आणि निवडणूक याचिकांचा आपला वेग पाहता निकाल येईपर्यंत मुदत संपलेली असेल.

हा वेग ही नुसती शंका नाही. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत दाखल करायची आणि उच्च न्यायालयाने शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढायची, असं कायदा म्हणतो. उत्तर प्रदेशातल्या स्वार मतदारसंघात २०१७ ला निवडून आलेल्या आमदाराचं वय छाननीच्या दिवशी २५ पूर्ण नव्हतं, हे अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ठरवलं. वय म्हणजे एक तारीख. तिला पावणेतीन वर्षं लागली, तर ‘सर्वसाधारण रहिवास’ ठरवायला किती लागतील?

याच जागी एक गोष्ट आहे जिच्याकडे ‘स्थानिक’वाले कधी बोट दाखवत नाहीत. महाराष्ट्रात उमेदवाराच्या निवासाची खरी, कडक, कागदोपत्री तपासणी आजही होते. ती खुल्या जागेच्या उमेदवाराची होत नाही, राखीव जागेच्या उमेदवाराची होते. जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी मिळवायची तर कुटुंब मानीव दिनांकाला या राज्यात राहत होतं हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, गाव नमुना १४ चा उतारा. ज्यांचे पूर्वज शाळेत गेले नाहीत, पालं घेऊन गावोगाव फिरले, त्यांच्याकडून साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पत्त्याचा पुरावा मागायचा, आणि बाजूच्या खुल्या वॉर्डात अर्ज भरणाऱ्याने मुदतीच्या आत भाडेकरार करून यादीत नाव घातलं तरी चालवून घ्यायचं.

याद्या राज्यनिहाय आहेत, एका राज्यात अनुसूचित असलेली जात दुसऱ्यात नसते, म्हणून राज्याशी नातं तपासणं आवश्यक आहे, हे मान्य. विधानसभेच्या राखीव जागेसाठी त्याच राज्याची जात लागते. लोकसभेला मात्र कलम ४ दुसऱ्या राज्यातल्या अनुसूचित जातीच्या उमेदवारालाही परवानगी देतं, ही तफावत अनेकांना माहीतच नसते. माझा आक्षेप तपासणीवर नाही, तिच्या वेळेवर आहे. स्थानिक संस्थांमध्ये पडताळणीचा अर्ज केल्याची पोचपावती आणि हमीपत्र देऊन निवडणूक लढवता येते, वैधता प्रमाणपत्र नंतर ठरलेल्या मुदतीत द्यायचं. जात पडताळणी समिती वेळेत निर्णय देत नाही आणि सदस्यत्व जातं, किंवा कोर्टाच्या तारखांवर टिकून राहतं. अमरावतीच्या राखीव जागेवरून २०१९ ला निवडून आलेल्या खासदारांचं जात प्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते वैध ठरवलं. तोवर पुढच्या निवडणुकीचे अर्ज भरले जात होते. मतदाराला पाच वर्षं कळलं नाही की आपला प्रतिनिधी पात्र आहे की नाही.

गावपातळीवर प्रश्न उलटा आहे. तिथे बाहेरचा माणूस येऊन उभा राहत नाही, गावचाच माणूस बाहेर राहून उभा राहतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने उमेदवाराचं नाव गावच्या यादीत असणं बंधनकारक केलं आहे, वय २१ पूर्ण. पण मुंबई-पुण्यात वीस वर्षं राहणाऱ्यांची नावं गावच्या यादीत तशीच असतात, पुष्कळदा शहरातही असतात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ आणि १८ नुसार दोन ठिकाणी नाव बेकायदा आहे आणि नोंदणीत खोटं लिहून देणं हा कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मतदानाच्या आदल्या रात्री शहरातून गावाकडे निघणाऱ्या गाड्या पाहिल्या की हे कलम किती धास्तीचं आहे ते समजतं. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी जशीच्या तशी घेतो, २०२५ च्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची, आणि प्रभागांत विभागतो. नाव घालणं-काढणं त्याच्या हातात नाही. संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे लावून मतदान केंद्रावर हमीपत्र घेण्याची सोय त्याने केली, ती त्याच्या अधिकारात होती तेवढी.

ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला आपण बाकी काय काय विचारतो ते पाहा. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली का. घरात शौचालय आहे का आणि ते वापरता का. सरकारी जागेवर अतिक्रमण आहे का. सासऱ्याने केलेल्या अतिक्रमणात राहणारी सूनही अपात्र, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास आहात का. यातल्या काही अटी चांगल्या हेतूने आल्या, काहींनी गरिबांनाच वगळलं, तो वाद वेगळा. पण शौचालय वापरता का हे विचारणारा कायदा, ते शौचालय ज्या घरात आहे त्या घरात तुम्ही राहता का, हे उमेदवारी अर्जात विचारत नाही.

विचारतो तो निवडून आल्यावर. अधिनियमाच्या कलम ४० नुसार पंचायतीच्या रजेशिवाय सलग चार महिन्यांपेक्षा जास्त काळ गावाबाहेर राहिलेल्या सदस्याचं सदस्यत्व संपतं. आपल्या निवडणूक कायद्यांत प्रतिनिधीच्या प्रत्यक्ष राहण्याला हात घालणारी ही दुर्मीळ तरतूद आहे आणि ती योग्य जागी आहे. पाण्याच्या टाकीची चावी, रस्त्यावरचा दिवा, दाखल्यावरची सही यासाठी माणूस गावात लागतो. खासदाराचं काम कायदे करण्याचं, त्याला हे मोजमाप लावण्यात अर्थ नाही. नगरसेवकाला लावता येईल. आज महापालिकेत शहरातल्या कोणत्याही प्रभागाचा मतदार दुसऱ्या कोणत्याही प्रभागातून उभा राहतो. आरक्षणाच्या सोडतीत आपला प्रभाग गेला की शेजारी उडी मारतो, आणि सोडत दर निवडणुकीला फिरत असल्यामुळे त्याला दोष देणंही कठीण.

विधानसभा-लोकसभेसाठी मी मागतो ते इतकंच. नमुना २६ च्या शपथपत्रात उमेदवार कोणत्या मतदारसंघात, कोणत्या भागात, कितव्या अनुक्रमांकाला मतदार आहे हे आजही लिहावं लागतं. पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न लिहावं लागतं, तो रकाना २०१९ मध्ये वाढवला गेला. त्याच धर्तीवर दोन रकाने वाढवावेत: सध्याच्या यादीत नाव कोणत्या तारखेला आलं, आणि गेल्या पाच वर्षांत नाव कोणकोणत्या मतदारसंघाच्या यादीत होतं. घर क्रमांक नको, त्याने सुरक्षेचे आणि खासगीपणाचे प्रश्न येतात. मतदारसंघ आणि तारीख पुरे. ही माहिती नोंदणी अधिकाऱ्याच्या संगणकात असते, म्हणून खोटं लिहिलं तर पकडणं सोपं आहे, आणि खोट्या शपथपत्राला १९५१ च्या कायद्याच्या कलम १२५अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहेच. रकाना कोरा सोडला आणि अधिकाऱ्याने आठवण देऊनही भरला नाही तर अर्ज बाद, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगून ठेवलं आहे.

यासाठी संसदेत विधेयक आणावं लागत नाही. नमुना २६ हा निवडणूक संचालन नियम, १९६१ चा भाग आहे आणि केंद्र सरकार आयोगाशी विचारविनिमय करून अधिसूचनेने तो बदलू शकतं, २०१९ मध्ये बदललाच होता. त्याच बैठकीत एका उमेदवाराला दोन जागा लढवू देणाऱ्या कलम ३३(७) चाही विषय निघावा. त्याला मात्र विधेयक लागेल. एकच जागा असावी अशी शिफारस विधि आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात केली आहे आणि ती तशीच पडून आहे. दोन्ही जिंकून एक सोडणारा नेता एका मतदारसंघाला पुन्हा रांगेत उभा करतो, आणि त्या पोटनिवडणुकीचा खर्च त्याच्याकडून वसूल होत नाही.